व्याह्यांनी बसवलेला ॲक्सल

डेपोवाले आणि छापखानेवाले हे एकमेकांचे व्याही. डेपोवाल्यांची लेक छापखानेवाल्यांच्या घरात देऊन चार वर्षं झाली होती, पण दोघांत कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. एकाने "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचं, की दुसऱ्याने "छे, तुमचंच बरोबर." या गोडव्याने त्यांच्या बायकांची तोंडं गुळचट झाली होती.

डेपोवाल्यांचा अर्धा जन्म बसच्या खाली पाठीवर झोपून गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून एक जुनी, गोल पाठीची मोटार उचलली आणि तिला मोठं इंजिन बसवलं. मागच्या चाकांना जोडणारा ॲक्सल मात्र होता तोच, काडीपैलवान. पहिल्याच चढावर त्याने मान टाकली. मग मोडीत निघालेल्या एका व्हॅनचा दणकट ॲक्सल आणला. तो गाडीच्या पाट्यांवर, म्हणजे पोलादी स्प्रिंगांवर बसायचा, तर त्याला नव्या बैठका वेल्डिंग करायला हव्या होत्या. आणि त्याआधी पिनियनचं नाक किती वर ठेवायचं ते ठरवायला हवं होतं. पिनियन म्हणजे ॲक्सलच्या पोटातून पुढे डोकावणारा दांडा. गिअरबॉक्सकडून येणारा लांब शाफ्ट त्यालाच मिळतो, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकणारा एकेक क्रॉस असतो. तिथला कोन चुकला की गाडीला हीव भरतं.

मदतीला व्याही आले. आयुष्यभर छपाईची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. फिरणारं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

"नाक सरळ गिअरबॉक्सवर रोखू या," डेपोवाले म्हणाले. "सहा डिग्री वर. मागच्या क्रॉसला वाकायचा त्रासच नको."

छापखानेवाल्यांना हे मुळीच पटलं नाही. पुढचा क्रॉस वाकून फिरतो म्हणून शाफ्ट दर फेरीला अडखळतो; मागचा तेवढाच वाकला, तरच ती अडखळ फिटते. म्हणजे पिनियन गिअरबॉक्सला समांतर हवा, तीनच डिग्री वर. सगळं ओठांवर आलं, पण व्याह्याच्या घरी उभं राहून त्यालाच चूक कसं म्हणायचं?

"तीनही चालतील, असं आपलं मला वाटतं," ते हळूच म्हणाले.

"मग ना तुमचे, ना माझे. साडेचार."

"तुम्ही म्हणाल तसं."

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती आणि ॲक्सल खाली लोंबत होता. छापखानेवाल्यांनी तशीच कोनमापक पट्टी लावली. डेपोवाल्यांचं तोंड कडू झालं. वजन चाकांवर पडल्यावर पाटे दबतात, सगळी मापं बदलतात, हे ते नव्या पोरांना ओरडून शिकवत आलेले. पण गाडी खाली घेतली तर व्याह्यांना जमिनीवर सरपटावं लागणार, आणि त्यांचे गुडघे दुखरे. त्यांनी वेल्डिंगला हात घातला. बैठका पक्क्या वेल्ड झाल्या.

रविवारी दोघे पुढे आणि दोघी विहिणी मागे, अशी वरात निघाली. गल्लीत गाडी लोण्यासारखी चालली. मोठ्या रस्त्याला लागून वेग घेतला, तशी आधी गुणगुणली, मग थरथरली, मग आरसा नाचायला लागला. डेपोवाल्यांच्या बायकोने बोलायला तोंड उघडलं, तर आवाज शेळीसारखा निघाला.

"गा-आ-डी चालवताय की द-ळ-ण दळताय?"

गाडी तशीच थरथरत घरी आणली. शेडमध्ये इंजिन बंद केल्यावर छापखानेवाले म्हणाले, "साडेचार चूक होतं. मला तेव्हाच माहीत होतं."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"आणि तुम्ही? मी लोंबत्या ॲक्सलला पट्टी लावली, तेव्हा तुम्ही तोंड कडू करून उभे होतात. मी पाहिलं."

"तुमच्या गुडघ्यांसाठी गप्प बसलो."

"माझे गुडघे माझे मी सांभाळीन. डेपोत हेच केलंत का, दोन मतांची सरासरी काढून बसगाड्या सोडल्यात?"

आवाज चढले. रविवारची माहेरी आलेली लेक हातातलं काम टाकून धावत आली. आता माहेर की सासर, कुणाची बाजू घ्यावी लागते, म्हणून तिचा चेहरा उतरला होता. तिच्या सासूने तिला हाताला धरून पायरीवर बसवलं.

"भांडू दे. चार वर्षांचं तुंबलंय."

बराच वेळ वाजलं. मग दम लागून दोघे एकाच खोक्यावर टेकले. डेपोवाल्यांना मोठी लाज वाटली, आणि त्याहून मोठं हलकं वाटलं. आपल्याला जे येतं ते आपण गिळलं, याला येतं ते यानं गिळलं, आणि उरलेल्या चुका मात्र दोघांनी मिळून वेल्ड केल्या. त्यांना हसू आवरेना. व्याह्यांनी आधी रागाने पाहिलं, मग तेही फुटले.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने बैठका सोडवल्या आणि नुसत्या आवळून ठेवल्या. गाडी चाकांवर उभी केली, आणि वजन खरं हवं म्हणून दोघी विहिणींना मागे बसवलं. त्यांची तक्रार नव्हती. त्यांना बोलायला दुपार पुरली नाही.

"समांतर," छापखानेवाले गाडीखालून म्हणाले. "तीन."

"तीन नाही, एक. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि नाक आपसूक वर येतं. दोन डिग्री त्याला राखून ठेव."

"हे बरोबर आहे तुझं," खालून आलं. "पण आधी फक्त टाके मार, पक्कं वेल्डिंग मी पुन्हा मोजल्यावर."

आपण अरे-तुरेवर आलो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मागच्या सीटवर मात्र कोपराने कोपराला ढोसलं गेलं.

या खेपेला मोठ्या रस्त्यावर वेग चढत गेला तरी आरसा जागचा हलला नाही. डेपोवाल्यांच्या बायकोचा डोळा लागला. पुढे दोघांची गाडीच्या रंगावरून जुंपली होती. एकाला गडद हिरवा हवा होता, दुसऱ्याला तो शेवाळासारखा वाटत होता, आणि सरासरी काढायला कुणीच तयार नव्हतं.