बनाबाईचं वाक्य

"ए बनाबाई, तुला बोलवाय लागल्यात!"

चमनभाईनं गर्दीतून हाक मारली तेव्हा बनाबाई स्टुडिओतल्या खोट्या पिंपळाच्या पारामागं पदरानं वारा घेत बसली होती.

"मला? आन कोन?"

"साहेब. चल लौकर, लाईट लावून ठेवल्यात."

चमनभाई स्टुडिओला माणसं पुरवायचा. साहेबांना बाजार हवा असला की तो बाजार भरवायचा, मयत हवी असली की मयतीची माणसं गोळा करायचा. गेली पंधरा वर्षं त्याची हाक आली की बनाबाई कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून चालत स्टुडिओत यायची. उन्हाळाभर ती पेठेत घरोघरी जाऊन चटणी कांडायची आणि बाकीच्या दिवसांत सिनेमातली गर्दी व्हायची. पडद्यावर तिनं पाणी भरलं होतं, भाजी विकली होती, परक्याच्या मढ्यापुढं ऊर बडवून घेतला होता. पण इतक्या वर्षांत एक शब्द म्हणून ती पडद्यावर बोलली नव्हती.

दिग्दर्शक साहेब पाराजवळ कपाळाला हात लावून उभे होते. सिनेमाचा शेवटचा सीन चालला होता. इनामदाराचा पोरगा जत्रेच्या दिवशी परत येतो म्हणून शब्द देऊन शहरात गेलेला. जत्रा संपली, दुकानं उठली, पाळणेवाले गेले, तरी नायिका आपली पारावर त्याची वाट बघत बसलेली. अशात गावातला एक म्हातारा येतो आणि नशिबावर लांबलचक बोलतो, असं लिहिलेलं होतं. म्हातारा झालेला नट सकाळपासून ते बोलत होता आणि साहेबांना काही केल्या ते पटत नव्हतं.

"बाई," साहेब म्हणाले, "ही पोर सकाळपासनं इथं बसलीय. तो आता येत नाही, हे अख्ख्या गावाला कळलंय. समजा तुम्ही याच गावातल्या. पाणी घेऊन इथून चाललाय. तर हिला काय म्हणाल?"

बनाबाईनं नायिकेकडं बघितलं. गुडघ्याला मिठी मारून, हनुवटी त्यावर टेकवून ती बसली होती.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

बनाबाई तिथलीच एक घागर डोक्यावर घेऊन पुढं झाली. पाराशी येऊन घागर खाली ठेवली, पोरीच्या शेजारी टेकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऊठ बाय. आधी चार घास खा. मग रड."

कुणी हसलं नाही. साहेबांनी म्हातारा झालेल्या नटाला चहा प्यायला पाठवलं आणि कॅमेरा वळवून घेतला. पहिल्या खेपेला बनाबाई सवयीनं मान खाली घालून निघून जायला लागली, दुसऱ्या खेपेला घागर लवंडली. मग मात्र जमलं. साहेब "कट" म्हणाले तरी नायिकेनं तिचा हात सोडला नव्हता, आणि डोळ्यांत पाणी यायला तिला त्या दिवशी काही लावावं लागलं नव्हतं.

"शेवट मिळाला," साहेब म्हणाले.

शेवट त्यांना आज मिळाला असला, तरी वाक्य तीन वर्षांपूर्वीचं होतं. बनाबाईची एकुलती एक लेक मालन कुरुंदवाडला दिली होती. जावई कृष्णात ट्रकवर ड्रायव्हर. दिवाळसणाला त्यानं मालनला आणून सोडली आणि "पंचमीला गाडी घेऊन येतो न्यायला" म्हणून गेला. पंचमीला मालन नवं लुगडं नेसून, वेणी घालून उंबऱ्यावर बसली. दिवस मावळला तरी उठेना. तेव्हा बनाबाईनं तिला हेच म्हटलं होतं. मालननं चार घास खाल्ले, रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसली.

गल्लीतल्या कुणाला ट्रकच्या अड्ड्यावर कृष्णात भेटला आणि विचारलं की तो म्हणायचा, "येतो की. जरा हात मोकळा होऊंदे." त्या 'येतो'वर मालननं तीन वर्षं काढली. गल्लीच्या टोकाला बालवाडी होती. तिथल्या बाईंना मुलं सांभाळायला मदतनीस हवी होती. त्यांनी मालनला दोनदा विचारलं. "मी आज हाय, उद्या न्हाय," मालन म्हणायची. "न्यायला आल्यावर पोरं सोडून जावं लागंल. कशाला जीव लावू?"

बनाबाईनं घरी येऊन सीनची हकिकत सांगितली. शेजारच्या आक्कानं ती गल्लीभर केली. बायका चटणी कांडायला बोलवायच्या त्या आता "काय गं, हिरवीनशी बोललीस म्हनं?" एवढं ऐकायला बोलवायला लागल्या. मालननं मात्र एकदाच विचारलं.

"आई, मग त्यो येतच न्हाय?"

"न्हाय."

"आन शिनेमा तितंच संपतो?"

"व्हय. आमी दोघी उठून जातो, आन संपतो."

त्या दिवशी मालन उंबऱ्यावर बसली नाही, हे बनाबाईच्या ध्यानात आलं. सिनेमा लागला की हिला न्यायची, असं तिनं मनाशी धरलं. आपलं ऐकत नाही, पडद्यावरचं तरी ऐकेल.

पाऊसकाळ सरत आला तेव्हा चमनभाई पुन्हा दारात उभा राहिला. "एक दिवसाचं काम हाय. लग्नाचा सीन. जरा बरं लुगडं नेसून ये."

बनाबाई गेली तर तोच पिंपळ, तोच पार. पाराला झेंडूच्या माळा लावलेल्या. नायिका मुंडावळ्या बांधून उभी, आणि फुलांनी मढवलेल्या जीपमधून इनामदाराचा पोरगा उतरतोय.

"चमनभाई, ह्यो आला कुठनं?"

चमनभाईनं तिला बाजूला घेतलं. "शिनेमा विकत घेणाऱ्यांनी बघितला. ते म्हनाले, बायका रडत भायेर पडल्या तर दुसऱ्या खेळाला कोन येनार? शेवट गोड करा, मगच घेतो."

"आन माझं वो?"

"तुझं गेलं, बनाबाई."

साहेब कॅमेऱ्यामागं होते. बनाबाई समोर आली तशी त्यांनी उगाच भिंगाला डोळा लावला. मग मान वर करून म्हणाले, "बाई, माझा इलाज चालला नाही."

चमनभाईनं बायकांच्या हातांवर पिवळे तांदूळ दिले, बनाबाईच्याही दिले. बँडवाल्यांनी पिपाण्यांना तोंड लावलं, आणि सगळ्यांबरोबर तिनंही अक्षता टाकल्या. परत जाताना ओंजळीला हळद लागून राहिली होती. ती कितीतरी वेळ पदराला हात पुसत चालली होती.

घरी गेल्यावर सांगायचं तिच्या तोंडावर आलं होतं. पण मालन त्या दिवशी पहिल्यांदाच बालवाडीच्या दारात उभी राहून एका रडक्या पोराची समजूत घालत होती. ते बघून बनाबाईचं सांगायचं राहिलं. पुढंही राहिलंच.

सिनेमा दिवाळीत लागला. आक्कानं गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा करून नेल्या. बनाबाईनं डोकं दुखतंय म्हणून बघितलं, पण तिच्याशिवाय जाणार कोण? थिएटरात तिला मधोमध बसवलं. एका बाजूला आक्का, एका बाजूला मालन.

पडद्यावर जत्रा संपली, दुकानं उठली, नायिका पारावर बसली. "आता हां, आता," आक्का सगळ्यांना सांगायला लागली. तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. पुढच्या बाकांवर शिट्ट्यांचा नुसता गदारोळ झाला. बायका डोळे पुसत हसायला लागल्या. मुंडावळ्या, बँड, अक्षता. एका क्षणात एका हिरव्या लुगड्यातली पाठ दिसली आणि गेली. ती बनाबाई होती. दिवे लागले.

"अगं, आन तुझं बोलनं?" आक्कानं विचारलं.

"कापलं."

"बरंच झालं की गं. दिवाळीचं असलं रडकं कोन बघनार?"

बनाबाईनं मालनकडं बघितलं. तिचा चेहरा असा उजळला होता की तीन वर्षांत तसा तिनं बघितला नव्हता. "बघितलंस न्हवं, आई?" मालन म्हणाली. "येत्यात. उशिरा का हुईना."

घरी आल्यावर मालननं चूल पेटवली नाही. "मीच जातो उद्या कुरुंदवाडला," ती म्हणाली. "त्यास्नी वाटत आसंल, हिचा राग गेला न्हाय. बोलवाय कसं जायचं. कुनीतरी एकानं जायाला पायजे का नको?"

"पोरी, त्यो शिनेमा हाय."

"तू बी त्यातच बोललीवतीस की. तवा म्हनत व्हतीस, खरं हाय म्हनून."

बनाबाईनंच उठून चूल पेटवली. अडवलं तर ही जन्मभर म्हणेल, आईनं जाऊ दिलं नाही. आणि त्या जीपवर अक्षता टाकणाऱ्यांत आपणही होतो, हे तिला विसरता येत नव्हतं.

"एकटी नको जाऊ," ती म्हणाली. "मी येतो."

सकाळच्या एसटीनं दोघी कुरुंदवाडला उतरल्या. मालन पुढं, बनाबाई मागं. घराच्या दारात एक तरणी बाई तांदूळ निवडत होती. कडेला सहा-सात महिन्यांचं पोर, सूप ओढायला बघणारं. दोघींना बघून ती उठली.

"कोन पावनं? बसा की. मालक आंघोळीला गेल्यात."

मालन बसली नाही. ती त्या पोराकडं बघत राहिली. कपाळ, भुवया, डाव्या गालावरची खळीसुद्धा कृष्णातची.

मागच्या दारानं कृष्णात डोकं पुसत आला. सासू दिसली, मालन दिसली, आणि टॉवेल डोक्यावर तसाच ठेवून तो भिंतीला टेकून उभा राहिला. बनाबाईच्या तोंडात पंधरा वर्षांत न बोललेलं सगळं एकदम गोळा झालं. पण मालननं मागं न बघता हात आडवा केला आणि ती थांबली.

"कवा?" मालननं विचारलं.

"दोन वर्सं झाली," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

"सांगून धाडायचं न्हाय व्हय?"

"सांगनारच होतो. धीर झाला न्हाय."

"येतो म्हनाय धीर व्हता."

त्या बाईला एव्हाना सगळं कळलं होतं. तिनं पोर गच्च धरलं. "तुमी सवताच सोडून गेलासा म्हनून सांगितलंय मला," ती हळूच म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, भीती होती.

मालन तिला म्हणाली, "तुझं काय न्हाय गं त्यात." आणि चपला काढून ती सरळ आत गेली. बनाबाईला वाटलं, आता ही आत बसून राहते की काय. पण मालन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या मोरीपाशी थांबली. तिथं तांब्याचा हंडा होता, काठोकाठ भरलेला. काठाखाली अक्षरं कोरलेली: 'चि. मालन हीस, पिराजीकडून.' पिराजी म्हणजे तिचा बाप. लग्नानंतर वर्षभरातच गेलेला.

"ह्यो माझा हाय," मालन म्हणाली. "ह्यो मी नेनार."

कृष्णात काहीतरी पुटपुटला. त्या बाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. पोर बनाबाईच्या हातात दिलं, हंड्यातलं पाणी तिनं बादलीत आणि कळशीत ओतून घेतलं, हंडा आतून-बाहेरून पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी मालनसमोर धरला. पोर तेवढ्या वेळात बनाबाईच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याशी खेळत होतं. मग तिनं ते त्याच्या आईकडं परत दिलं.

"च्या तरी घेऊन जावा," ती बाई म्हणाली.

"नको," मालन म्हणाली. "गाडी चुकंल."

गाडीला अजून अवकाश होता. दोघी स्टँडवर हंडा मध्ये ठेवून बसल्या. बनाबाईला राहून राहून काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण जे जे तोंडावर येई ते आधीच कुणीतरी बोलून टाकल्यासारखं वाटे. एसटी आली. कंडक्टर म्हणाला, हंडा टपावर टाका. मालन म्हणाली, "मांडीवर घेतो." कोल्हापूरपर्यंत ती हंड्याला दोन्ही हातांचा वेढा घालून खिडकीबाहेरची उसाची रानं बघत होती. जयसिंगपूरच्या पुढं कधीतरी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तांब्यावर ओघळलं. तिनं ते पुसलं नाही, आणि बनाबाईनंही बघितलं असं दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या नळाला पाणी आलं तेव्हा बायकांची रांग नेहमीसारखीच होती. बोलणं सिनेमाचंच चाललं होतं, जीप कशी आली आणि नायिका मुंडावळ्यांत कशी दिसली. मालन चिंच आणि राख घेऊन नळाशेजारच्या फरशीवर बसली होती. हंडा घासता घासता तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. परवा रात्री ती कुरुंदवाडला जायचं म्हणत होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं विचारायला कुणी धजत नव्हतं.

शेवटी आक्कानंच तोंड उघडलं. "काय गं मालन, कवा येनार न्यायला?"

"त्यास्नी पोरगा झालाय," मालन म्हणाली. "गोड हाय."

नळाचं पाणी कुणाच्या तरी घागरीतून वर येऊन वाहू लागलं तरी कुणी घागर उचलेना. दारात उभी असलेली बनाबाई पुढं यायला निघाली, आणि मग आपल्या जागीच राहिली.

मालननं हंडा विसळला, उन्हात एकदा फिरवून बघितला. "सरा जरा," ती म्हणाली. "मला नवाच्या आत भरून ठेवायचाय. बालवाडीत पोरं येत्यात. बाईंना येतो म्हनून सांगितलंय."

आक्का बाजूला सरली. मालननं हंडा नळाखाली लावला. रिकाम्या हंड्यात पाणी आधी मोठ्यानं वाजलं, मग हळूहळू आवाज खोल होत गेला, आणि काठापर्यंत पाणी येईतो ती कमरेवर हात ठेवून तिथंच उभी राहिली.