न दिलेला खो

“सर, पुतळीला संघातून काढल्यावर तिच्या जागी कोण बसणार? तुम्ही?”

कस्तुरानं विचारलं आणि मागं उभ्या असलेल्या आवडीनं तोंडावर ओढणीच दाबली. मधल्या सुट्टीत तिनंच तर डिवचलं होतं, ‘विचारून दाखव, तर मानू तुला कॅप्टन!’ घ्या, विचारलं! खो-खोची कॅप्टन होऊन आठवडा झाला नव्हता, पण कस्तुराला अख्खं मैदान आपल्या बापाचं वाटत होतं.

खेळाचे सर भडकले. “जास्त शहाणपणा नको! परवा खो मिळायच्या आत उठली ती. शेवटच्या मिनिटाला समोरची बाद झाली होती, पण पंचांनी फाऊल दिला आणि एका गुणानं घालवला सामना. मेंढरं हाकणाऱ्यांना खो काय कळणार?”

पुतळी खांबाजवळ बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. नुसती सोडतच होती. तिचा बाप मल्हारी फुलंब्रीकडं मेंढरं चारायचा. ती रोज एसटीनं यायची, आणि तिच्यासारखी पळणारी अख्ख्या शाळेत दुसरी नव्हती.

“सर, मेंढरं मध्ये आणू नका!” कस्तुरा उसळली.

“आणि परवा ‘खो ऐकल्याशिवाय उठतेस, कान फुटलेत का तुझे’ म्हणून तिच्यावर कोण ओरडलं? तेव्हा कुठं गेली होती ही माया?”

कस्तुरा पाय आपटत मैदानाबाहेर गेली. सरांचं खरं होतं, म्हणून तर तिला आणखीच राग आला.

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर ती सरांच्या नावानं बोटं मोडत होती. आवडी म्हणाली, “सरांवर कशाला चिडतीस? तू खो म्हणालीच नव्हतीस.”

“काय?”

“मी शेजारच्याच चौकोनात बसले होते. तू तिच्या पाठीवर नुसता हात मारलास. धाप लागली होती तुला, तोंडातून शब्दच नाही निघाला. हात लागला म्हणून ती उठली बिचारी.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस, मुके?”

“तू कुणाला बोलू दिलंस? सामना संपल्यापासून एकटी तूच तर बोलतीयस!”

आवडीच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं कस्तुराला. पण परवाचं डोळ्यांपुढं आलं. पुतळीची पाठ आठवली, आपला हात आठवला, भात्यासारखी हलणारी छाती आठवली. खो काही केल्या आठवेना.

ती एसटीच्या थांब्याकडं पळत सुटली.

“पुतळे, तुला ठाव होतं? मी खो दिला नव्हता ते?”

“व्हय.”

“मग सांगायचं ना सरांना!”

“कोन ऐकणार?” पुतळीचा आवाज कधी नव्हे तो चढला. “तू कॅप्टन. तू समद्यांसमोर म्हणलीस माझे कान फुटले. मग झालं! आन् रडू नको इथं. लई राग आलाय मला तुझा. उद्यापासून मी शाळेलाच येत नाय.”

गाडी आली. पुतळी चढली. खिडकीतून तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

कस्तुरा पुंडलिकनगरच्या घरी आली तेव्हा फळीवर औरंगपुऱ्यातल्या पेढ्यांचा शेवटचा पुडा दिसला. ती कॅप्टन झाली म्हणून अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले होते. तिला तो पुडा उचलून भिरकावावासा वाटला. चप्पलही न काढता ती दारातच उभी राहिली.

“आई, अण्णा, उद्या प्रार्थना झाली की मी साऱ्या शाळेसमोर सांगणार आहे. परवाचा सामना माझ्यामुळं गेला. पुतळीमुळं नाही.”

“अगं, हळू बोल,” आई म्हणाली, “शेजारी ऐकतील.”

“ऐकू दे! ओरडले तेव्हा नव्हतं हळू बोलायचं?”

अण्णांनी पेपर खाली ठेवला. “पोरी, सर कॅप्टनकी काढून घेतील.”

“घेऊ द्या. पुतळी नाही तर मीपण नाही. आणि पहाटे पहिल्या एसटीनं मी फुलंब्रीला चाललेय, तिला आणायला. तिनं शिव्या दिल्या तरी ऐकून घेईन, पण तिला घेतल्याशिवाय शाळेत पाय ठेवणार नाही.”