मोजकेच काटे

वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयासाठी ती शरीराच्या अवयवांच्या प्रतिकृती बनवायची. या खेपेला मात्र काम आलं एड्सच्या विषाणूचं. कलिंगडाएवढा गोळा, त्यावर पातळ वेष्टण, वेष्टणावर काटे, आत एक निमुळती डबी आणि डबीत दोन धाग्यांची वेटोळी.

तपासायला आलेल्या प्राध्यापक बाई गोळ्याभोवती फिरल्या आणि हसत सुटल्या. "अहो, साळिंदर केलंत की याचं! एवढे काटे नसतात त्याला. मोजके, विरळ असतात."

"बघणाऱ्याला भीती नको का वाटायला?"

"कशाला? हे वेष्टणही त्याचं स्वतःचं नाही. आपल्याच पेशीतून बाहेर पडताना तिचंच कातडं पांघरून येतो. साबणानंही फाटतं ते. कपबशीतून, टॉवेलातून नाही पसरत तो."

"माहीत आहे मला," ती पटकन म्हणाली. म्हणाली खरी, पण तिचा चेहराच उतरला.

माहीत होतंच. धाकट्या भावाला हा आजार निघाला, तेव्हा डॉक्टरांनी तिला समोर बसवून हेच सांगितलं होतं. तरी नोकरी सुटल्यावर तो तिच्याकडे राहायला आला, तसं तिनं त्याचं ताट वेगळं काढलं. परवा जेवताना लेक मामाच्या मांडीवर चढली, तर "मामा दमलाय गं" म्हणत तिला उचलून नेलं. नियमानं औषध घेणारा, चांगला धडधाकट माणूस तो. दमला बिमला काही नव्हता. खाली मान घालून जेवत राहिला.

बाई गेल्यावर तिनं जास्तीचे काटे चिमट्यानं उपटले.

घरी आली, तर भाऊ आपलं ताट घासत होता.

"ठेव ते, छोट्या. आजपासून सगळ्यांबरोबर बसायचं."

"का गं ताई, काय झालं?"

"चुकलं माझं. मला कळत नव्हतं..." खोटं जिभेवर आलं आणि ती अडखळली. "नाही रे. कळत होतं. तरी केलं."

त्यानं नळ बंद केला. "मी आपली मनाची समजूत घातली होती," तो हळूच म्हणाला, "की ताईला कुणी नीट सांगितलंच नसेल."

तिनं त्याचं ताट विसळून सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

जेवायला तो सगळ्यांच्या पंक्तीला बसला. भाचीनं लगेच मांडी बळकावली. तिच्याशी तो हसला, बोलला. बहिणीकडे मात्र त्यानं बघितलं नाही. तिनंही वाढताना आग्रह केला नाही. तेवढा हक्क आज तरी तिच्याकडे उरला नव्हता.