करारातून काढलेला शब्द

माझ्या मुलीचं, माधवीचं, लग्न ठरलं ते वर्ष दोन हजार चोवीस. मुलाकडचे दुसऱ्या समाजाचे, मस्कतच्या अल खौद भागातच आमच्यापासून दोन इमारती सोडून राहणारे. त्यांनी आमची जात विचारली नव्हती, आम्ही सांगितली नव्हती. मस्कतमध्ये मी तीस वर्षं असाच राहिलो. मवालेहच्या भाजीबाजारात हमालीपासून सुपरवायझरपर्यंत गेलो, पण आडनाव म्हणून गावाचं नाव लावलं.

त्याच वर्षी माझ्या मुलाची, राकेशची, अमेरिकेतली नोकरी गेली. साहेब आपल्याच देशातला. त्याने राकेशची जात शोधून काढली, मग बढती अडवली, शेवटी काढूनच टाकलं. राकेशने वकील केला. कंपनीने कोर्टाबाहेरच नव्वद हजार डॉलर देऊन मिटवायचं ठरवलं. तोवर राकेशने मस्कतला नोकरी धरली होती. कराराचा मसुदा जेवणाच्या टेबलावर पडला होता. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण 'कास्ट', म्हणजे जात, हा शब्द मी ओळखला.

"हा काढायला सांग."

"बाबा, भांडणच त्याचं आहे."

"माधवीचं लग्न होऊ दे. कागद कुणाच्या हाती लागला तर?"

लीलावती, माझी बायको, मेथी निवडत होती. "बाजारात कधी काकडी म्हणून दोडका विकलात का? मग घरातच का?"

मी ऐकलं नाही. माझ्यासाठी राकेशने वकिलाला कळवलं. कंपनीला ते हवंच होतं. त्यांनी शब्द काढला आणि वर एक ओळ घातली: राकेशने भेदभावाचा कोणताही आरोप केलेला नाही. राकेशने सही केली. वकिलाने आपले चाळीस हजार परस्पर कापले, पन्नास हजार आमच्याकडे आले. डिसेंबरात लग्न झालं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी लीलावतीच्या हृदयाची झडप बदलायला सांगितली. खर्च पस्तीस हजार डॉलर. विमानप्रवासाला मनाई, म्हणजे भारतात नेणं नाही. पैसे होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. पण राकेश अमेरिकेचा नागरिक. कुठेही राहिला तरी तिथला कर भरावाच लागतो. म्हणून शहरातल्या कुरुम भागात फेलिक्सकडे गेलो. तो वसईचा, असले रिटर्न भरून देतो.

त्याने करार वाचला आणि चष्मा काढला. "राकेश, ही ओळ कोणी घालायला लावली?"

मी म्हणालो, "मी."

"अंकल, भेदभावाचा दावा असता तर वकिलाची फी वजा करता आली असती. अकरा हजारांत सुटला असता. आता पूर्ण नव्वदवर कर. तेवीस हजार."

"चाळीस तर आम्ही पाहिलेसुद्धा नाहीत!"

"तरी कमाई तुमचीच धरतात."

"मग तू लिही ना, भेदभावाचा दावा म्हणून."

"सही राकेशची आहे ना? उद्या तपासणी आली तर कुठला कागद दाखवू? इन्शाल्ला म्हणून फॉर्म नाही भरता येत, अंकल."

कर भरून एकोणचाळीस हजार उरले असते तिथे सत्तावीस उरणार होते. राकेशची नोकरी नवी म्हणून बँक कर्ज देईना. राकेश म्हणाला, कर हप्त्याने भरू. लीलावती ऐकेना. "सरकारचं देणं पोराच्या डोक्यावर ठेवून मला टेबलावर झोपवू नका. पगारातून साठव. मी कुठे पळून चालले नाही."

उन्हाळाभर राकेश साठवत राहिला. लीलावतीला स्वयंपाकघरापर्यंत चालताना दोनदा बसावं लागे. माधवीला तिने पैशांचं कळू दिलं नव्हतं.

सप्टेंबरात माधवीचे सासरे लीलावतीला पाहायला आले. मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं, जातीसकट.

ते म्हणाले, "भानुदासराव, आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गावाकडे चौकशी केल्याशिवाय कोण मुलगी करतं? तुम्ही बोलत नाही म्हणून आम्ही बोललो नाही."

त्यांनी त्याच आठवड्यात कमी पडणारी रक्कम आणून दिली. ऑपरेशनला चौदा ऑक्टोबर ही तारीख मिळाली. लीलावतीने आतून सगळं ऐकलं होतं. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लीलावती नऊ ऑक्टोबर दोन हजार पंचवीसला, गुरुवारी सकाळी, अल खौदच्या घरी वारली.