गुरांनी खाल्लेला जुवा

त्या चैत्रात भेंडजुव्यावरच्या गुरांनी फूल खाल्लं की फुलाखालची जमीनही त्याच्याबरोबर जाई. खड्डा पडत नसे. इकडची आणि तिकडची माती सरकून एकमेकींना मिळे आणि खाडीच्या तोंडाशी पहुडलेला तो जुवा, म्हणजे ते बेट, तेवढ्याने लहान होई.

द्वारका धुरीच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं ते लुगडं वाळत घालताना. कुड्याच्या दोन झाडांमध्ये ताणून बांधलेली दोरी जमिनीवर लोळत होती आणि कुडे शेजारणींसारखे जवळ येऊन उभे होते. तिने आधी नवऱ्याला दोन शिव्या हासडल्या. तो बिचारा पलीकडच्या काठावर जाळं शिवत बसला होता. मग तिची नजर झाडांच्या बुंध्याशी गेली. तिथे शेळी एकदांडीची पिवळी फुलं मन लावून खात होती, आणि दोरी आणखी सैल होत होती.

दर उन्हाळ्यात ओहोटीला गुरं खाडीतून पोहवत जुव्यावर आणायची, मोकळी सोडायची आणि पावसाच्या तोंडावर परत न्यायची, ही धुऱ्यांची रीत. सोबत राहायला द्वारका. मांगरात, म्हणजे राखणीच्या झोपडीत, एक चूल, एक चटई आणि बोलायला गुरं. घरी सासरच्या गोतावळ्यात जे सुख तिला कधी लाभलं नाही ते इथे पसाभर नाही, सुपाने मिळे. नवरा, बाबल, रोज होडीतून पेज घेऊन येई आणि गावच्या बातम्या ओतून जाई. आणखी काय हवं माणसाला!

जुव्यावर पाय ठेवल्यावर पहिलं काम गाऱ्हाण्याचं, देवाला वर्षाचं मागणं घालायचं. मध्यावर राखणदाराचा दगड होता, त्याच्यावर कुसरीची वेल. द्वारका नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली, बरोबर माणसं नसल्यामुळे त्यांनी द्यायचा ‘होय म्हाराजा’चा होकारही स्वतःच देई, आणि कुसरीचं एक पांढरं फूल अंबाड्यात खोवी. यंदाही खोवलं होतं. ते अजून सुकलं नव्हतं.

“जुवो बारीक झालो गो,” होडी लावता लावता बाबल म्हणाला.

“गुरां फुलां खातत. माती त्येंच्या मागसून जाता.”

“गाऱ्हाण्यात काय मागलंस?”

“गुरांची पोटां भरान्देत, म्हटलंय.”

“आणि जुव्याचा?”

“तां ऱ्हवला.”

बाबलने डोकं खाजवलं. दर वर्षी गुरांसाठी मागून झालं की ‘आणि ह्या जुव्याची राखण कर’ असं म्हणायचं असतं, हे लहान पोरालाही ठाऊक. पण यंदा तांबू गाय गाभण होती आणि द्वारकाचं सगळं ध्यान तिच्या पोटाकडे लागलं होतं. एकदा घातलेलं गाऱ्हाणं पुढच्या वर्षापर्यंत बदलता येत नाही. राखणदार ऐकतो ते एकदाच.

गुरं मात्र मजेत होती. मर्यादवेलीची जांभळी फुलं तांबूने संपवली तेव्हा वाळूचा किनारा गेला. पाड्याने अंजनीची निळी फुलं खाल्ली आणि उतार गेला. म्हशीने विहिरीभोवतीची फुलं खाल्ली, तेव्हा विहीर गेली. पण म्हशीच्या पोटाला कान लावला की रहाट कुरकुरताना ऐकू येई, आणि धार काढली की आधी कळशीभर गोडं पाणी येई, मग दूध. द्वारकाला हे सोयीचंच वाटलं. आयुष्यभर तिने तो रहाटाचा दोर ओढून हात सोलून घेतले होते.

मांगर शेळीने नेला. त्या दिवशी द्वारका बाहेर झोपली आणि तिला छान झोप लागली.

वैशाख सरता सरता बाबल एकेक जनावर पलीकडे नेऊ लागला. पोटात जमीन असल्यामुळे ती पोहताना जड होत, पण बुडत नसत. शेवटी उरली तांबू. दिवस भरलेली गाय खाडीत घालत नाहीत आणि बाबलच्या होडीत तर वासरूही धड मावलं नसतं.

“तू तरी चल,” बाबल म्हणाला.

“आणि ती खंय उभी ऱ्हवात?”

बाबलने एकट्यानेच होडी लोटली. आता जुवा अंगणाएवढा होता. द्वारकाला एवढं कळून चुकलं होतं, की तांबू व्यायेपर्यंत तिच्या पायांखाली जमीन राहिली पाहिजे, मग पुढचं पुढे. ती होडीतून आलेलं गवत तांबूपुढे टाकी, तोंड वळवून धरी, रागे भरी, लाडीगोडी लावी. पण फुलांची चटक लागलेली गाय गवताला कसली विचारते! एके सकाळी तिने कुसरीची वेलही मुळापर्यंत फस्त केली.

तरी राखणदाराचा दगड जागेवर होता. त्याच्या बाजूला गायीला आडवं होता येईल एवढी माती होती, आणि काठाकाठाने पाणी खेळत होतं. द्वारकाने अंबाड्याला हात लावून पाहिला. फूल ताजं होतं. ही एवढी माती त्या फुलाचीच, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. तिने डोक्यावरचा पदर घट्ट आवळून घेतला.

ज्येष्ठाच्या पहिल्या ढगाळ दुपारी तांबू व्याली. द्वारकाने हात घालून वासरू ओढलं. पाडी होती. पदराने तिचं नाक पुसताना द्वारकाला रडू आलं; इतकं गोजिरं काही तिने कित्येक वर्षांत हातात धरलं नव्हतं. पाडीच्या ओल्या खुरांना वाळू चिकटलेली होती. आपल्या किनाऱ्याची वाळू. ती पोटातूनच लावून आली होती.

“अवो!” द्वारकाने खाडीकडे हाक दिली. “पाडी झाली!”

लांबवर होडी निघाली होती. बाबल बांबूच्या पाल्याचा भारा घेऊन येत होता. व्यायलेल्या गायीला आधी तोच घालायचा असतो. त्याने हात वर केला आणि पुन्हा वल्हं धरलं.

तांबूने पाडीला चाटून कोरडं केलं. मग ती उठून उभी राहिली. पोट रिकामं झालेलं होतं आणि तिचे डोळे भुकेले झाले होते. तिने इकडे पाहिलं, पाणी. तिकडे पाहिलं, पाणी. मग तिने द्वारकाकडे पाहिलं.

पाडी पुसताना डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि अंबाड्यातलं फूल उघडं पडलं होतं.

“थांब गो बाये,” द्वारका हळूच म्हणाली. “तो येताहा.”

व्यायलेली गाय उपाशी ठेवू नये हे तिला आईने शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. तांबूने मान लांब केली. तिचा गरम श्वास द्वारकाच्या मानेवर आला आणि त्याला कुसरीचा वास होता. द्वारकाने पाडीला छातीशी धरलं, दुसरा हात राखणदाराच्या दगडावर ठेवला.

“होय म्हाराजा,” ती म्हणाली, आणि तांबूचं तोंड फुलापर्यंत पोचावं म्हणून डोकं जरा आणखी वाकवलं.