पाहुणा निघाला

घोड्याचं नाव पाहुणा. मावशीकडे येण्याआधी तो बेकरीची पावाची गाडी ओढायचा, आणि त्या नोकरीतली एक सवय त्याच्या अंगात मुरली होती. फाटक दिसलं की तो थांबे. नुसता थांबे नाही, तर आता चहा घेतल्याशिवाय हलायचं नाही अशा थाटात ठाण मांडून उभा राही. म्हणून पाहुणा.

मावशी नालबंद होती. घोड्यांना नाल ठोकावेत तर तिनेच. पाहुण्याचं तिला भारी कौतुक. नाल ठोकून ती कंबर सरळ करत "झालं" म्हणाली, की हा आपणहून चालू लागायचा. "बघा, किती समजूतदार जनावर," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

तिची भाची भिंगरी. तिला यंदा भटकंतीच्या शर्यतीत उतरायचं होतं. या शर्यतीत धावाधाव कमी आणि डोकेफोड फार. हातात नकाशा घेऊन, एकट्याने, घोड्यावरून रानवाटा शोधायच्या, झाडांना लावलेल्या खुणा गाठायच्या आणि शेवटी आखलेल्या गोलात लगाम सोडून घोडा अजिबात न हलता उभा करून दाखवायचा.

"उभं राहण्यात पाहुण्याचं बक्षीस ठरलेलं," मावशी म्हणाली. "प्रश्न तुझा आहे. तुला डावं-उजवं कळत नाही."

"कळतं. थोडा वेळ लागतो."

"काल उजव्या पायातला बूट काढ म्हटलं, तर दोन्ही काढून बसलीस."

"मग उजवा निघाला ना त्यात?"

मावशीने हसू दाबलं आणि अट घातली. ओढ्यापलीकडच्या रानात तिने तीन नारिंगी फिती बांधून ठेवल्या होत्या. नकाशावर वाट आखून दिली होती. भिंगरीने एकटीने जाऊन तिन्ही आणल्या, तर आज संध्याकाळी शर्यतीच्या अर्जावर तिचं नाव. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

निघताना मावशी पाहुण्यासमोर उभी राहिली, त्याचं कपाळ खाजवलं आणि लगामाच्या एका बाजूला लाल लोकर बांधली. "लाल म्हणजे उजवं. डोकं चालवू नकोस, लाल बघ आणि वळ."

पुलापाशी नकाशा म्हणत होता, उजवीकडे. भिंगरीने लाल बघितलं आणि वळली. आता वाट अरुंद व्हायची, झाडी लागायची. पण वाट रुंद झाली. मग वाटेवर फरशी आली. मग घरं आली, आणि प्रत्येक घराला फाटक.

पाहुण्याचे कान ताठ झाले. पहिल्या फाटकापुढे तो थांबला.

गळ्यात टेप अडकवलेला शिंपी बाहेर आला. "पाव आणलास?"

"नाही काका, आम्ही वाट शोधतोय."

"माझ्या अंगणातून नाही जात ती."

भिंगरीने टाचा मारल्या, गाजर दाखवलं, गयावया केली. पाहुणा ढिम्म. शेवटी तिने मान टाकली. "झालं. गेली माझी शर्यत."

पाहुणा चालू लागला.

शिंपी मागून ओरडला, "बेकरीवाला हेच म्हणायचा गं. पाव दिला की, झालं. त्याला तेवढंच कळतं."

पुढच्या फाटकात एक आजीबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. "एवढ्या वर्षांनी आलास, आणि रिकाम्या हाताने?" त्यांनी घोड्याला दटावलं. भिंगरी "झालं" म्हणाली, पुढे गेली. पुन्हा फाटक, पुन्हा "झालं". गल्लीतली माणसं दारात जमली, कुणी लोण्याचा भाव विचारू लागलं, आणि भिंगरीला हसता हसता उचकी लागली. उचकीतून "झालं" धड उमटेना, त्यामुळे एका फाटकापुढे मुक्काम जरा लांबलाच.

गल्ली संपली तेव्हा हसू ओसरलं. फीत एकही नाही, ऊन कलायला लागलेलं.

ती पुलावर परत आली. नकाशा मांडीवर ठेवला आणि तो फिरवू लागली, कागदावरचा ओढा खऱ्या ओढ्याच्या सरळ रेषेत येईपर्यंत, कागदावरचं वळण खऱ्या वळणाच्या दिशेला येईपर्यंत. आणि वाट समोर उलगडली. डावं नको, उजवं नको, फक्त ओढा तिथे तर रान इथे. मात्र ते रान लाल लोकरीच्या बरोबर उलट बाजूला होतं.

आता विश्वास कुणावर ठेवायचा? मावशी चुकू शकते. ओढा कशाला चुकेल? भिंगरीने लोकर सोडून खिशात टाकली आणि रानाकडे वळली. प्रत्येक फाट्यावर नकाशा गरागरा फिरवला. पहिली फीत करवंदीच्या जाळीत मिळाली, दुसरी पडक्या कुंपणावर. तिसरी फांदीवर जरा उंच होती, पण पाहुण्याने ती खायला घेतल्यामुळे सापडली.

तबेल्याच्या फाटकाशी मावशी अर्ज घेऊन येरझाऱ्या घालत होती. पाहुणा तिच्यापुढे येऊन रीतसर थांबला. भिंगरीने वरूनच फिती दिल्या. एकीला दातांच्या खुणा होत्या.

"लोकर कुठंय?"

"खिशात. डाव्या बाजूला बांधली होतीस."

"उजव्या."

"कुणाच्या?"

मावशी घोड्यासमोर उभी राहिली. उजवा हात उचलून लगामाला लावला. मग वळसा घालून पाहुण्याच्या शेपटीमागे गेली आणि पुन्हा उजवा हात उचलला. या खेपेला हात घोड्याच्या दुसऱ्याच बाजूला आला. मग ती इतकी हसली, की तिला पाहुण्याच्याच पाठीचा आधार घ्यावा लागला.

"तुझ्या आईला सांगू नकोस," डोळे पुसत ती म्हणाली. "दोन्ही बूट काढायची युक्ती माझीच आहे."

तिने अर्ज फाटकाच्या खांबावर टेकवला, भिंगरीचं नाव ठळक लिहिलं, खाली पाहुण्याचं लिहिलं आणि समाधानाने कंबर सरळ केली.

"झालं," मावशी म्हणाली.

पाहुणा निघाला. मावशी अर्ज हलवत मागे धावली. "अगं, सही राहिली तुझी. थांबव त्याला."

"फाटक येऊ दे, मावशी," भिंगरी म्हणाली, आणि तिला पुन्हा उचकी लागली.