खंड्याचा डोळा

"अहो, ऐकलंत का? सरांनी तुमच्या खंड्याच्या फोटोवर काय लिहिलंय, बघा तरी!" बायको फोन नाचवत दुकानात शिरली.

काचवाल्याने नुकतीच काचेवर कापायच्या हिरकणीने रेघ ओढली होती. आता नुसता अंगठ्याचा दाब द्यायचा. तो दिला आणि काच रेघ सोडून भलतीकडेच फुटली.

"वाच," तो म्हणाला.

"'मिस्त्री, आज डोळा सापडला! पिसं काय फुलली आहेत! चोच जराशी उघडी, आता हाक मारणार असं वाटतं. बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं.' खाली टाळ्याच टाळ्या. अहो, हसा की! कुणी मेल्यासारखं तोंड काय केलंय?"

तो खाली वाकून तुकडे गोळा करायला लागला.

सर म्हणजे पक्षिमंडळाचे सर. दर रविवारी सगळ्यांनी फोटो पाठवायचे आणि सरांनी त्यांची हजेरी घ्यायची. काचवाल्याच्या पहिल्या फोटोवर त्यांनी लिहिलं होतं, "फांदी उत्तम. पक्षी कधी येणार?" दुसऱ्यावर, "शेपटी ओळखीची वाटते." आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, "डोळा धारदार हवा. डोळा नाही तर फोटो नाही." मंडळ हसायचं, तोही हसायचा, पण मनात खट्टू व्हायचा. पन्नाशीला आलेला माणूस. काच चांगली बसली की ती दिसत नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा. जन्मभर न दिसणारं काम केलं. निदान एकदा आपल्या हातून असं काही व्हावं, की चार माणसांनी थांबून बघावं, एवढीच त्याची हौस. त्यापायी त्याने जुना कॅमेरा घेतला होता आणि बायकोची बोलणीही खाल्ली होती.

मागच्या आठवड्यात तो तळ्याकाठच्या कचेरीत गळती काढायला गेला होता. तिथली दर्शनी काच त्यानेच बसवलेली. इतकी लखलखीत, की तळं आणि झाडं तिच्यात जशीच्या तशी उभी. तो सज्ज्यावर पिशवी उघडत होता, तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. बघतो तर पलीकडे काचेच्या पायथ्याशी खंड्या बसलेला.

काय झालं ते त्याला तत्क्षणी कळलं. कळलं नव्हतं म्हणायची सोयच नाही, तिथेच तर घोडं अडलं. "काचेवर आपटलेला पक्षी दिसला तर खोक्यात घाला, सावलीत ठेवा, कॅमेरा बाजूला," असं सरांनी सांगितलं तेव्हा तो पहिल्याच रांगेत बसला होता. पिशवीत रिकामा खोका होता. कॅमेराही होता. हात कॅमेऱ्याकडे गेला.

ऊन झकास पडलं होतं. तो कोपरांवर सरकत पुढे गेला. "हलू नकोस हं, राजा," तो कुजबुजला. राजा हलला नाही. आणखी एक. आणखी जवळून एक. डोळा असा धारदार आला होता की त्याचं काळीज उडायला लागलं. मग खंड्या एका बाजूला कलला आणि पडला.

हातात घेतला तेव्हा अजून गरम होता. त्याने पुट्टीच्या पट्टीने तळ्याकाठी खड्डा केला आणि त्याला पुरलं. खोक्यात ठेवला असता तर वाचला असता का? कोण जाणे. हे 'कोण जाणे' त्याच्या मानगुटीवर बसलं ते उतरेना. तरीही रविवारी त्याने फोटो पाठवला. डोळा आला होता ना!

दोन दिवसांनी सर स्वतःच दुकानात आले. काखेत सगळ्यांच्या फोटोंची गुंडाळी.

"प्रदर्शनाच्या फ्रेमा तुम्हीच करा, मिस्त्री. आणि तुमचा खंड्या दारातच लावायचा. एक सांगा, एवढं जवळ येऊ कसं दिलं हो त्याने?"

"बसलो होतो... बराच वेळ."

"बघा वहिनी! धीर लागतो, धीर!"

बायकोचा चेहरा असा फुलला, की ओठांवर आलेलं त्याने गिळून टाकलं. लाज वाटली. आपलीच, मनापासून.

त्याने सगळ्यांच्या फ्रेमा केल्या. आपली शेवटी घेतली. काच पुसली आणि फोटोवर धरली. तिच्यात समोरचं झाड उमटलं, अगदी हुबेहूब. त्याने काच खाली ठेवली.

प्रदर्शनाच्या सकाळी दारातच गर्दी झाली. बायको ठेवणीतले कपडे घालून सगळ्यांना खंड्या दाखवत होती.

"हे काय मिस्त्री!" सर हसत म्हणाले. "सगळ्यांच्या फोटोंना काच आणि तुमच्याच नाही? काचवाल्याकडेच काचेचा दुष्काळ?"

लोक हसले.

"मुद्दाम नाही लावली, सर."

"अहो, पण का?"

"त्याला एकदा लागलीये."

सर आधी हसले. मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबले. चष्मा लावून फोटोजवळ गेले. फुललेली पिसं बघितली, उघडी चोच बघितली.

"हाक नव्हता मारत तो," ते हळू आवाजात म्हणाले. "धाप लागली होती त्याला. मला कळायला हवं होतं."

"मला कळलं होतं, सर. आणि मी त्याला म्हणत होतो, हलू नकोस."

काचवाल्याने स्वतःच फोटो खिळ्यावरून काढला. सरांनी अडवलं नाही.

"मला तरी सांगायचं होतंत," बायको वाटेत एवढंच म्हणाली आणि फ्रेमची दुसरी बाजू धरून चालत राहिली.

आता तो फोटो दुकानात लावलेला असतो. बिनकाचेचा. गिऱ्हाईकं चेष्टा करतात, तो करू देतो. काच नाही म्हटल्यावर धूळ बसणारच. सकाळी दुकान उघडलं की काचवाला आधी तिथे जातो. कापड लावत नाही. जवळ वाकून फुंकर घालतो, हळूच.